हाताने चालतं, आपोआप पडतं

ताई, नमस्कार.

आमच्या ऑफिसात स्कॅन केलेल्या कागदांमधला मजकूर काढून देणारं एक वेब अ‍ॅप्लिकेशन आहे. जावातलं, टॉमकॅट या वेब सर्व्हरवर चालणारं, आत टेसरॅक्ट हे चित्रातला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर वापरणारं. ज्यांनी लिहिलं ते केव्हाच सोडून गेले. जुनं मशीन निकालात काढलं, म्हणून मी ते नव्या लिनक्स मशीनवर हलवलं. टॉमकॅट दोन्हीकडे ९च, फक्त नव्यावर ताजी आवृत्ती. टर्मिनलवरून हाताने सुरू केलं की सगळं छान चालतं. मशीन रीबूट झालं की सर्व्हिस आपोआप सुरू होते, लॉगिनचं पानही येतं, पण स्कॅनचं बटण दाबलं की ५०० एरर. लॉगमध्ये 'अनसॅटिस्फाइड लिंक एरर', आणि पुढे '/ऑप्ट/ओसीआर/लिब/लिबस्कॅन.एसओ: लिबलेप्ट.एसओ.५: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. बॅशआरसीत (शेलच्या सेटिंग फाइलीत) पाथ लिहून झाला, /ईटीसी/एन्व्हायर्नमेंटमध्ये लिहून झाला, फोल्डरांना ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊन झालं. शेवटी जुन्या टॉमकॅटच्या लिब फोल्डरमधल्या सगळ्या जार (जावा कोडच्या गाठोड्यांच्या फाइली) उचलून नव्याच्या लिबमध्ये टाकल्या. तेव्हापासून 'नो सच मेथड एरर' येतेय आणि त्याच टॉमकॅटवरचं शेजारच्या विभागाचं अ‍ॅप्लिकेशनही बंद पडलंय. फाइल तर जागेवर आहे, मी डोळ्यांनी बघतोय! साहेब म्हणतात, मशीनच परत करून टाकू. काय करू?

— तीन रात्रींचा जागा


नमस्कार.

मशीन परत करू नका. त्या बिचाऱ्याने काही केलेलं नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याभोवती मी पेन्सिलने गोल काढला आहे: 'फाइल तर जागेवर आहे, मी डोळ्यांनी बघतोय.' तुम्ही बघताय हे खरंच आहे. पण टॉमकॅट तुमच्या डोळ्यांनी बघत नाही. तो वेगळ्या यूजरच्या नावाने, वेगळ्या फोल्डरमध्ये उभा राहून, हातात वेगळीच यादी घेऊन शोधतो. पाथच्या तक्रारीत फाइल कुठे आहे हा प्रश्न बऱ्याच उशिरा विचारायचा असतो. आधी शोधणारा कुठे शोधतोय ते बघायचं. तीन रात्री तुम्ही फाइली हलवत होतात. शोधणाऱ्याकडे एकदाही वळून बघितलं नाहीत.

(या सदरात सगळं देवनागरीत छापतात, म्हणून आज्ञा आणि फाइलींची नावंही तशीच लिहितेय. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा, आणि लहान-मोठी अक्षरं सांभाळा. लिनक्सला 'लिब' लहान की मोठं याने फरक पडतो.)

क्रमाने जायचं तर लिंक एररपासून सुरुवात करायला हवी, पण मी उलटी सुरुवात करते. शेजारच्या विभागाचं अ‍ॅप्लिकेशन बंद आहे आणि ते तुमच्यामुळे बंद आहे. ते आधी.

टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये टॉमकॅट स्वतः राहतो. कॅटलिना.जार, सर्व्हलेट-एपीआय.जार, जॅस्पर.जार, टॉमकॅट-कोयोटी.जार ही सगळी त्याची स्वतःची हाडं. आणि या फाइलींच्या नावात आवृत्तीचा आकडा नसतो. त्यामुळे जुन्याच्या जार नव्यात टाकताना त्या नव्यांच्या शेजारी जाऊन बसल्या नाहीत, त्यांच्या जागी बसल्या. 'ओव्हरराइट करू का?' असं विचारलं गेलं असेल आणि पहाटे तीनला माणूस 'सगळ्यांना हो' म्हणतो. आता काही जार जुन्या टॉमकॅटच्या, काही, ज्या जुन्यात नव्हत्याच, त्या नव्याच्या. एका जारमधला कोड दुसऱ्या जारमधल्या अशा मेथडला हाक मारतो, जी त्या आवृत्तीत अस्तित्वातच नाही. 'नो सच मेथड' म्हणजे नेमकं हेच: क्लास सापडला, पण हा तो क्लास नव्हे. क्लास सापडलाच नसता तर 'क्लास नॉट फाउंड' म्हणाला असता. या दोन एररमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'नॉट फाउंड'मध्ये काहीतरी कमी असतं, 'नो सच मेथड'मध्ये बहुतेक वेळा काहीतरी जास्त असतं. आणि तुमच्याकडे ते जास्तीचं तुम्हीच जार घालून आणलंत.

खात्री करायची तर टॉमकॅट सुरू होताना लॉगच्या अगदी पहिल्या काही ओळींत 'सर्व्हर व्हर्जन नेम' छापतो, ते वाचा. तो आकडा कॅटलिना.जारमधूनच येतो. तिथे जुन्या मशीनचा आकडा दिसला तर गुन्हेगार हातात सापडला.

निस्तरायचं कसं? एकेक जार तपासत बसू नका. टॉमकॅट बंद करा, लिब फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि जी आवृत्ती बसवली होती अगदी त्याच आवृत्तीच्या ताज्या डाउनलोडमधलं लिब फोल्डर जसंच्या तसं ठेवा. लिनक्सच्या पॅकेजमधून टॉमकॅट बसवला असेल तर पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा. मग टॉमकॅट सुरू करून शेजारचं अ‍ॅप्लिकेशन उठलं का बघा. उठेल.

त्या लिब फोल्डरबद्दल माझं मत जरा कडक आहे. तिथे टाकलेली जार त्या टॉमकॅटवरच्या प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला दिसते. आपल्या अ‍ॅप्लिकेशनच्या जार त्याच्याच वेब-इन्फ या फोल्डरमधल्या लिबमध्ये राहायला हव्यात. टॉमकॅट क्लास शोधताना, जावाचे स्वतःचे मूळ क्लास सोडले, तर आधी अ‍ॅप्लिकेशनच्या वेब-इन्फमधल्या क्लासेसमध्ये बघतो, मग वेब-इन्फच्या लिबमध्ये आणि नंतर स्वतःच्या सामाईक लिबमध्ये. म्हणजे घरातलं आधी, सोसायटीचं नंतर. पण उलट दिशेला दार बंद आहे: सामाईक लिबमधल्या क्लासला तुमच्या वेब-इन्फमधलं काहीही दिसत नाही. त्यामुळे अर्ध्या जार वर आणि अर्ध्या खाली ठेवल्या, की वरचा क्लास खालच्याला शोधतो आणि 'नो क्लास डेफ फाउंड' म्हणून आपटतो, जरी दोन्ही फाइली मशीनवर असल्या तरी. बघितलंत? पुन्हा तेच. फाइल आहे, पण शोधणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात नाही.

सामाईक लिबमध्ये जार टाकायची रास्त कारणं मला दोनच माहीत आहेत. डेटाबेसचा पूल टॉमकॅट स्वतः सांभाळत असेल तर डेटाबेसचा ड्रायव्हर तिथे लागतो, कारण तो टॉमकॅटलाच वापरायचा असतो. दुसरं कारण तुमच्याशी संबंधित आहे, त्यावर खाली येते.

आता मूळ दुखणं.

हाताने सुरू केलं तर चालतं, सर्व्हिस म्हणून नाही. या एका वाक्यात निदानाचा तीन चतुर्थांश भाग येऊन गेला. दोन्ही वेळा जार त्याच, टॉमकॅट तोच, मशीन तेच. मग बदललं काय? यूजर बदलला, उभं राहायची जागा बदलली आणि एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोग्रामला सुरू होताना हातात मिळणारी सेटिंगची यादी, बदललं. तुम्ही लॉगिन करता तेव्हा शेल तुमच्या प्रोफाइल आणि बॅशआरसी फाइली वाचून पाथ, जावाचं घर, लायब्ररींचे रस्ते असा सगळा संसार मांडतो. सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा, जेव्हा सर्व्हिस उठवतो तेव्हा कुणी लॉगिन करत नाही. बॅशआरसी कुणी वाचत नाही. /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट ही फाइलही लॉगिनच्या वेळी वाचली जाते, सर्व्हिसच्या वाटेला ती येत नाही. तुम्ही दोन्ही ठिकाणी पाथ लिहिलात आणि दोन्ही वेळा तो तुमच्यासाठी लागू झाला, सर्व्हिससाठी नाही. म्हणून तर हाताने सुरू केलेलं आणखी छान चालायला लागलं असेल!

अंदाज करत बसण्यापेक्षा चालू प्रोसेसलाच विचारा. सर्व्हिस म्हणून टॉमकॅट सुरू असताना 'पीएस -ईएफ' मारून जावा प्रोसेसचा नंबर काढा. मग रूट होऊन /प्रॉक/तो-नंबर/एन्व्हिरॉन ही फाइल उघडा. त्या प्रोसेसला जन्माच्या वेळी मिळालेलं सगळं एन्व्हायर्नमेंट तिथे असतं. नोंदी एकमेकींना चिकटलेल्या दिसतील, मध्ये शून्य अक्षर असतं. 'टीआर'ने त्याच्या जागी नवी ओळ टाका. शेजारीच सीडब्ल्यूडी नावाचा दुवा आहे, तो प्रोसेस कुठल्या फोल्डरमध्ये उभी आहे ते सांगतो. सिस्टमडीने उठवलेली सर्व्हिस, काही सांगितलं नसेल तर, थेट रूट फोल्डरमध्ये, म्हणजे '/'मध्ये उभी असते. कोडमध्ये कुठे 'टेम्पलेट्स/पत्र.टीएक्सटी' असा अर्धा पाथ लिहिला असेल, तर तुम्ही टॉमकॅटच्या फोल्डरमध्ये जाऊन सुरू केलंत म्हणून तो सापडत होता. सर्व्हिस तोच '/टेम्पलेट्स' म्हणून शोधेल.

मग हाताने सुरू करा आणि तीच फाइल पुन्हा काढा. दोन्ही प्रती 'सॉर्ट' करून 'डिफ'ला द्या. दहा मिनिटांचं काम. तुमच्या तीन रात्री त्या डिफमध्ये तीन-चार ओळींत मावतील, आणि त्यातली एक ओळ एलडी_लायब्ररी_पाथची असेल, याची मी जवळजवळ पैज लावते.

जवळजवळ म्हणते कारण तुमची एरर मला तेच सांगतेय. ती ओळ पुन्हा नीट वाचा. पहिला पाथ /ऑप्ट/ओसीआर/लिब/लिबस्कॅन.एसओ. मग कोलन. मग लिबलेप्ट.एसओ.५. मग 'उघडता येत नाही'. सगळे जण पहिलं नाव वाचतात, ती फाइल जागेवर आहे हे बघतात आणि डोकं धरतात. तुम्हीही तेच केलंत. पण तक्रार पहिल्या फाइलीची नाहीच. लिबस्कॅन सापडली, उघडली, आणि तिला जी लिबलेप्ट लागते ती सापडली नाही. लिबलेप्ट म्हणजे लेप्टोनिका, चित्रांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी, जिच्यावर टेसरॅक्ट उभा आहे. पहिलीच सापडली नसती तर वाक्य वेगळं असतं: 'नो स्कॅन इन जावा.लायब्ररी.पाथ'. ही दोन वाक्यं शेजारी लिहून भिंतीवर लावा, कारण ती दोन वेगळ्या शोधणाऱ्यांची आहेत.

नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे जावात नसलेली, थेट मशीनच्या भाषेतली लायब्ररी, लोड करताना आधी जावा शोधते आणि नंतर ऑपरेटिंग सिस्टम. जावा आपल्या जावा.लायब्ररी.पाथ या यादीत लिबस्कॅन शोधते. ती सापडली की तिच्या पोटातल्या बाकीच्या लायब्ररी शोधायचं काम लिनक्सच्या लिंकरकडे जातं, आणि लिंकर जावाची यादी ढुंकूनही बघत नाही. तो लायब्ररीत कोरून ठेवलेला रस्ता बघतो, एलडी_लायब्ररी_पाथ बघतो, एलडीकॉन्फिगने तयार केलेली मशीनची यादी बघतो आणि ठरलेली मूळ फोल्डरं बघतो. तुमच्या जुन्या लोकांनी कुठेतरी जावा सुरू करतानाचा 'डॅश-डी जावा.लायब्ररी.पाथ' हा पर्याय लिहून ठेवला असणार, म्हणून पहिला टप्पा सर्व्हिसमध्येही पार पडतो. दुसरा पडत नाही. हाताने सुरू करताना तुमच्या शेलमधल्या एलडी_लायब्ररी_पाथने दुसऱ्या टप्प्याची सोय केली होती. गंमत म्हणजे 'डॅश-डी' दिलेलं नसेल तर जावा आपली यादीसुद्धा एलडी_लायब्ररी_पाथवरूनच सुरू करते. त्यामुळे टर्मिनलवर एकाच ओळीत दोन्ही कामं होतात आणि ती दोन आहेत हे कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि 'डॅश-डी' दिलं तर ते मूळ यादीत भर घालत नाही, तिची जागा घेतं, हेही लक्षात असू द्या.

कुठल्या लायब्ररी सापडत नाहीत ते बघायला 'एलडीडी' आहे. लिबस्कॅनवर चालवा, 'नॉट फाउंड' लिहिलेल्या ओळी बघा. पण इथेही तोच सापळा: तुमच्या टर्मिनलमध्ये चालवलंत तर एलडीडी तुमचं एन्व्हायर्नमेंट वापरून सगळं सापडलं म्हणून सांगेल. टॉमकॅटच्या यूजरच्या नावाने आणि 'एन्व्ह -आय' लावून, म्हणजे एन्व्हायर्नमेंट पूर्ण पुसून चालवा. तेव्हा खरं कळेल. कदाचित लिबलेप्ट एकटीच नसेल.

लॉग वाचतानाची एक चूक इथेच सांगते, कारण ती मी स्वतः केलेली आहे. स्कॅनचं बटण पहिल्यांदा दाबलं की लॉगमध्ये खरी एरर येते. दुसऱ्यांदा दाबलं की मात्र 'कुड नॉट इनिशियलाइझ क्लास' एवढंच येतं, कारण जावाने तो क्लास एकदा बिघडलेला म्हणून खूण करून ठेवलेला असतो आणि ती पुन्हा प्रयत्न करत नाही. घाबरून दहा वेळा बटण दाबलं की लॉगच्या शेवटी नऊ वेळा ही निरुपयोगी ओळ आणि खरं कारण वर कुठेतरी गाडलेलं. लॉग खालून वर वाचायची सवय इथे घात करते. टॉमकॅट रीस्टार्ट करा, बटण एकदाच दाबा आणि पहिली एरर वाचा.

आता दुरुस्ती. टॉमकॅटच्या बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह.एसएच नावाची फाइल असू शकते. ती मुळात येत नाही, आपण तयार करायची. तुमच्याकडे आधीपासून असेल तर ते 'डॅश-डी' तिथेच सापडेल. कॅटलिना.एसएच ही फाइल सुरुवातीलाच तिला वाचून घेते. हाताने सुरू करा किंवा सर्व्हिसने, कॅटलिना.एसएच मधूनच जात असाल तर दोघांनाही तेच मिळतं. म्हणूनच ही जागा मला युनिट फाइलपेक्षा (सर्व्हिस कशी उठवायची ते सिस्टमडीला सांगणाऱ्या फाइलीपेक्षा) आवडते. तिथे एक ओळ लिहा: एक्स्पोर्ट एलडी_लायब्ररी_पाथ=/ऑप्ट/ओसीआर/लिब. बॅशआरसी आणि /ईटीसी/एन्व्हायर्नमेंटमधल्या तुमच्या ओळी मात्र काढून टाका. त्या राहिल्या तर पुढच्या वेळी हाताने आणि आपोआप यांत पुन्हा फरक पडेल आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल.

आधी एकदा खात्री करून घ्या, की तुमची सर्व्हिस खरंच कॅटलिना.एसएच मधून जाते. 'सिस्टमसीटीएल कॅट' आणि सर्व्हिसचं नाव टाकलंत की युनिट फाइल समोर येईल. त्यात 'एक्झेकस्टार्ट'ची ओळ बघा. तिथे कॅटलिना.एसएच किंवा स्टार्टअप.एसएच असेल तर ठीक. थेट जावाची आज्ञा लिहिली असेल, तर सेटएन्व्ह.एसएच कुणीच वाचणार नाही आणि मग युनिटमध्येच 'एन्व्हायर्नमेंट=' लिहावं लागेल. 'सिस्टमसीटीएल एडिट'ने लिहा, मूळ युनिट फाइलीला हात लावू नका.

युनिटमध्ये लिहायची वेळ आलीच तर जुन्या बॅशआरसीतली ओळ तशीच चिकटवू नका. तिथे बहुधा '/ऑप्ट/ओसीआर/लिब:$एलडी_लायब्ररी_पाथ' असं काहीतरी असेल, म्हणजे नवा रस्ता आणि पुढे जुने जे काही असतील ते. शेलला ते कळतं. सिस्टमडीच्या 'एन्व्हायर्नमेंट='ला डॉलरचा अर्थ कळत नाही; तो ती अक्षरं जशीच्या तशी पाथ म्हणून घेतो. 'एन्व्हायर्नमेंटफाइल'मध्ये वेगळी फाइल दिली तरी तेच, आणि तिथे सुरुवातीला 'एक्स्पोर्ट' लिहिणंही चालत नाही. पाथसारख्या दिसणाऱ्या या गोष्टी शेलच्या नाहीत हे पचनी पडायला मला बरेच दिवस लागले होते. शेलमध्येसुद्धा ही ओळ निर्धोक नाही. जुनं काही नसेल तर शेवटी नुसता कोलन लोंबत राहतो, आणि लिंकर त्या रिकाम्या जागेचा अर्थ 'आत्ता जिथे उभा आहे ते फोल्डर' असा लावतो. म्हणून मी वर डॉलर न लावता लिहिलं.

सेटएन्व्ह.एसएच विंडोजवर लिहून पाठवू नका. एका कामात माझे दोन दिवस यात गेले होते. पाथ बरोबर, फाइल जागेवर, परवानगी ठीक, यूजर ठीक, आणि तरीही 'नो सच फाइल'. शेवटी 'कॅट'ला मोठ्या 'ए'चा पर्याय लावून ती फाइल बघितली, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी '^एम'. विंडोजच्या ओळीचं शेवटचं अदृश्य अक्षर पाथच्या शेपटीला चिकटलं होतं. सर्व्हर बिचारा 'लिब' आणि पुढे एक न दिसणारं अक्षर अशा नावाचं फोल्डर शोधत होता, आणि ते नव्हतंच. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसायचं.

७७७ काढा. तो पाथचा इलाज नव्हेच. एखाद्या फाइलीपर्यंत पोहोचायचं तर वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून जाण्याची परवानगी लागते; शेवटच्या फोल्डरला कितीही उदारपणे दिलं आणि वरचं होम फोल्डर ७०० असलं, तर टॉमकॅटचा यूजर उंबऱ्याशीच अडतो. 'नेमआय -एल' आणि पुढे पूर्ण पाथ दिलात की वाटेतल्या प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक येते, कुठे अडतंय ते एका नजरेत दिसतं. पॅकेजमधून बसवलेल्या टॉमकॅटमध्ये आणखी एक भिंत असू शकते: युनिटमध्ये 'प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट' लावलेलं असेल तर ठरावीक फोल्डर सोडून बाकी सगळं त्या सर्व्हिससाठी केवळ वाचण्यापुरतं असतं. तिथे ७७७ असो नाहीतर काहीही असो, लिहायला गेलं की 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' येतं. 'प्रायव्हेटटीएमपी' असेल तर तुम्ही /टीएमपीमध्ये ठेवलेली फाइल सर्व्हिसला दिसतच नाही, तिला स्वतःचं वेगळं /टीएमपी दिलेलं असतं. आणि ज्या फोल्डरमधल्या जार सर्व्हर चालवतो, ते फोल्डर कुणालाही लिहायला मोकळं ठेवणं म्हणजे मशीनवरच्या कुणालाही त्या सर्व्हरच्या नावाने कोड चालवायची मुभा देणं. घराची किल्ली दाराला लटकवून बाहेर जाण्यासारखं.

तुम्ही हाताने सुरू करत होतात ते रूट म्हणून की स्वतःच्या नावाने? पत्रात नाही. कुठलंही असलं तरी टॉमकॅटच्या लॉग्ज, वर्क आणि टेम्प फोल्डरमध्ये तुमच्या किंवा रूटच्या मालकीच्या फाइली पडल्या असणार. सर्व्हिसचा यूजर त्या बदलू शकणार नाही आणि उद्या जेएसपी पानं नीट कंपाइल होईनात, अशी वेगळीच तक्रार सुरू होईल. सर्व्हिसच्या यूजरच्या नावावर त्यांची मालकी परत करा. यापुढे हाताने सुरू करायची वेळ आली तर त्याच यूजरच्या नावाने करा.

आता ते सामाईक लिबचं दुसरं कारण. नेटिव्ह लायब्ररी एका प्रोसेसमध्ये एकाच क्लासलोडरला (जावात क्लास शोधून आणणाऱ्याला) लोड करता येते. तुम्ही टॉमकॅट बंद न करता फक्त अ‍ॅप्लिकेशन पुन्हा डिप्लॉय केलंत, तर नवा क्लासलोडर येतो, जुना अजून कचऱ्यात गेलेला नसतो, आणि एरर येते: 'ऑलरेडी लोडेड इन अनदर क्लासलोडर'. हीसुद्धा 'अनसॅटिस्फाइड लिंक' याच नावाखाली येते, म्हणून पुन्हा पाथकडे धावू नका. दोन वाटा आहेत. डिप्लॉय केलं की पूर्ण टॉमकॅट रीस्टार्ट करायचा, किंवा लिबस्कॅनला लोड करणारी तेवढी एकच छोटी जार सामाईक लिबमध्ये ठेवायची आणि वेब-इन्फमधून काढून टाकायची. शेजारी दुसऱ्यांचं अ‍ॅप्लिकेशन असल्यामुळे तुमच्यासाठी दुसरी वाट बरी; तुमच्या प्रत्येक बदलासाठी त्यांचं बंद पाडणं बरं दिसत नाही. शक्य असेल तर त्यांच्यापासून वेगळा टॉमकॅटच घ्या. एकाच इन्स्टॉलवर कॅटलिना_होम सामाईक ठेवून प्रत्येकाला वेगळं कॅटलिना_बेस देता येतं, प्रत्येकाची सेटएन्व्ह.एसएच वेगळी, लॉग वेगळे, रीस्टार्ट वेगळं.

(पीएचपी किंवा पायथनवाले वाचक हसत असतील तर थांबा. टर्मिनलवरच्या पीएचपीची सेटिंग फाइल एक आणि वेब सर्व्हरमागच्या एफपीएमची दुसरी, हा तुमच्या घरातला हाच आजार. आणि पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट 'अ‍ॅक्टिव्हेट' करणं म्हणजे मुख्यतः तुमच्या शेलचा पाथ बदलणं. सर्व्हिस ते करत नाही. तिथे त्या फोल्डरमधल्या पायथनचा पूर्ण पाथच लिहायचा.)

हे सगळं झालं की मशीन रीबूट करा आणि टर्मिनलला हात न लावता ब्राउझरमधून स्कॅनचं बटण दाबा. बहुतेक आणखी एक एरर येईल. ती आली तर आनंदाने चहा घ्या, कारण लायब्ररी लोड झाली आणि टेसरॅक्ट आता आपली भाषांची माहिती शोधतोय. तो टेसडेटा_प्रीफिक्स हे व्हेरिएबल बघतो, आणि तुमच्या बॅशआरसीत तेही असणारच. तेही सेटएन्व्ह.एसएच मध्ये आणा. फक्त किंमत तपासून आणा: टेसरॅक्टच्या ३ नंबरच्या आवृत्तीला त्यात टेसडेटा फोल्डरच्या वरचं फोल्डर लागायचं, ४ पासून खुद्द टेसडेटा फोल्डरचाच पाथ लागतो. ओळ जुन्या मशीनवरच्या ३ साठी लिहिलेली असेल आणि इथे ४ किंवा पुढची आवृत्ती असेल तर शेवटी '/टेसडेटा' जोडावं लागेल.